शिडीमागची पांढरी रेघ

आक्का, आज आपल्या पोहायच्या टँकचं पुढचं फाटक उघडलं. कुलूप अडून बसलं होतं, म्हणून मी त्याला दोन शिव्या घातल्या आणि सवयीनं मागं वळून बघितलं. मी शिवी दिली की तू "आदी तोंड धू जा" म्हणायचीस. मागं तुझा अभय उभा होता. त्या बिचाऱ्यानं हातातली पिशवी नुसती या हातातून त्या हातात घेतली.

तू गेल्यापासून मी रोज येतच होते, पण मागच्या बाजूनं. पंपरूमचं दार उघडायचं, पाण्याच्या नमुन्यात तपासणीचे थेंब टाकून रंग बघायचा, ठरलेलं औषध टाकायचं, पंप चालू करायचा आणि मान खाली घालून परत जायचं. टँकच्या त्या टोकाला, शिडीच्या मागं, मी फिरकले नाही. त्याचं कारण तुला ठाऊक आहे. आपली पैज होती. अक्षय्य तृतीयेपर्यंत त्या भिंतीकडं बघायचं नाही, असं ठरलं होतं, आणि तू मेलीस म्हणून मी पैजेत लबाडी करीन असं तुला वाटत असेल तर ते मनातून काढून टाक.

आज अक्षय्य तृतीया.

काल संध्याकाळी अभयनं मला बसवून सांगितलं, "मावशी, टँक बंद करूया." वाईट मनानं नाही म्हणाला. पोरगं तुझंच आहे, गोड बोलून घाव घालतं. बेंगळुरूहून त्याला इथलं बघणं व्हायचं नाही. सोमवार आला की आपण दोघी टाचा घासायचा दगड घेऊन काठावर बसायचो, ते तो सुट्टीला आल्यावर बघत आला आहे. "आई असताना दोघी होता. आता तुम्ही एकट्या किती घासणार? वर्षात टाईल्स पांढऱ्याफटक होतील, मग बायका यायच्या बंद होतील. त्यापेक्षा आत्ताच मातीनं भरून टाकू, आईच्या नावानं बाग करू." बाग! तुझ्या नावानं! तुला फुलं तोडलेली चालायची नाहीत आणि तुझ्या नावाची बाग. मी म्हटलं, "उद्या दुपारपर्यंत थांब. उद्या एक भिंत बघायची आहे, मग बोलू." त्याला वाटलं असणार, मावशीला धक्का बसलाय.

खरं सांगायचं तर मला त्या भिंतीची भीती होती. कारण पैजेत माझी बाजू अशी होती की हातानं घासल्याशिवाय टाईल्सवर धरणारी ही पांढरी रेघ जाणार नाही आणि थांबणारही नाही. म्हणजे मी जिंकले असते तर अभयचं खरं. टँक बुजणार. आयुष्यात पहिल्यांदा मला तुझ्यापुढं हरायचं होतं, आणि बघायला तू नव्हतीस.

तुझी माझी गाठ या टँकनंच घातली. त्याआधी मी तुला लांबून ओळखत होते. निपाणीत तंबाखूच्या जुन्या वखारी असणाऱ्या जैनांची सून, पांढरीशुभ्र साडी, भरभर चाल. मग तुझे गुडघे गेले आणि डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. तू बेळगावला गेलीस, तिथल्या एका टँकवर चौकशी केलीस, तर बायकांची वेळ भर दुपारी बाराची. तिथून आलीस ती फणफणतच. बाजारात भाजीवालीला सांगत होतीस आणि मी शेजारी उभी राहून ऐकत होते.

"बारा वाजता बायकांची येळ म्हणं! आमी काय पापड हाय व्हय, वाळत घालायला?"

मला हसू आलं. तू वळून मला वरपासून खालपर्यंत बघितलंस.

"तू लोंढ्याकडची न्हवं? नदीकाठची? तुला पवायला येतंय म्हणं."

"येत हुतं, आक्का."

"येत हुतं म्हंजे? ते काय इसरायची गोष्ट हाय व्हय?"

या एका वाक्यावर तू मला विकत घेतलंस. लग्न होऊन निपाणीत आल्यापासून मी पाण्यात पाय घातला नव्हता. माहेरी खानापूर तालुक्यात आमच्या गावाला नदी वळसा घालून जाते. तिथं मी भावांच्या आधी पलीकडच्या काठाला लागायची. इकडं आल्यावर नदी गेली, फक्त बादली राहिली. आणि मला ते कधी कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, सासूनं नाही, मी स्वतःलाही नाही. तू भाजीच्या पाटीपुढं उभी राहून विचारलंस.

पुढच्या उन्हाळ्यात बंद पडलेल्या वखारीच्या मागं खड्डा खणला गेला. लोक हसले. तंबाखूवाल्यांच्या घरात आता बायका डुंबणार, असंही कुणीतरी म्हणालं. तू निळ्या टाईल्स स्वतः उभी राहून लावून घेतल्यास, सगळ्या सरळ रेषेत आहेत का ते एक डोळा मिटून बघत होतीस. आणि पाणी भरलं त्या दिवशी मला म्हणालीस, "उतर. आदी तू. टँक माझा, पाणी तुझं." मी डोकं पाण्याखाली घातलं ते बराच वेळ वर काढलंच नाही. तुला वाटलं, मी दम दाखवते आहे. आक्का, मी रडत होते. पाण्यात रडलं की कुणाला दिसत नाही. हे तुला सांगायचं राहून गेलं, ते आज सांगते.

तू स्वतः मात्र खोल बाजूला कधी गेली नाहीस. टँकची मालकीण, आणि काठाचा पाईप धरून उथळ पाण्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. मी किती वेळा म्हटलं, हात सोड. तू म्हणायचीस, "सोडतो की. घाई काय हाय?" आपल्याकडच्या बायकांसारखं येतो, जातो, करतो असंच बोलायचीस. ते ऐकून शहरातून आलेल्या नव्या बायका गोंधळायच्या. पण तुझ्या भरवशावर त्या पाण्यात उतरल्या. ज्यांनी आयुष्यात गुडघ्याच्या वर पाणी बघितलं नव्हतं, त्या सासू-सुना एका रांगेत पाय मारायला लागल्या. टँकची वेळसुद्धा तुझ्या जेवणाप्रमाणं. सूर्य मावळायच्या आत तुझं ताट झालं पाहिजे, म्हणून संध्याकाळची बॅच ऊन वखारीच्या पत्र्यावरून खाली उतरायच्या आत संपायची. कुणी जास्त रेंगाळली की तू काठावरून ओरडायचीस, "साकु, साकु! पुरं आता! बाहीर या! माझी भाकरी निवायला लागली."

आणि तुझं ते सकाळचं काम. बॅचच्या आधी तू जाळी घेऊन काठानं फिरायचीस. पाण्यात पडलेल्या मधमाश्या, मुंग्या, कधी एखादा बेडूक, सगळ्यांना अलगद उचलून जास्वंदीच्या पानावर ठेवायचीस. एकदा मी मुद्दाम टोचलं, "आक्का, मुंगी वाचीवतीस, आन् क्लोरीननं किती जीव मरत्यात, ते?" मला वाटलं, चिडशील. तू जाळी झटकत म्हणालीस, "म्हाईत हाय मला. म्हणून तर पाणी सारकं बदलत न्हाय. येकदा भरलं ते जपायचं. जेवढं कमी पाणी, तेवढं कमी पाप."  मी तुझ्याशी इतकी भांडले आणि इतक्या वेळा गप्प झाले, की हिशेब करायला गेले तर गप्प होण्याचीच बाजू जड भरेल.

पांढरी रेघ दुसऱ्या उन्हाळ्यात दिसली. जिथं पाणी संपतं आणि उघडी टाईल सुरू होते, तिथं सगळ्या बाजूंनी बोटभर रुंदीची. ओली असताना दिसायची नाही, वाळली की दिसायची. आपल्या घरच्या बादलीला, गीझरला, गॅसवरच्या पातेल्याला जो खार धरतो तोच. बोअरचं पाणी जड, उन्हानं पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार मागं भिंतीला चिकटून बसतात. तू टँकभोवती एक फेरी मारलीस आणि म्हणालीस, "ह्येला चिंच."

घरातली तांब्याची कळशी चिंचेनं लखलखते, मग टाईल का नाही? दुसऱ्या दिवशी पाटीभर चिंच भिजली. आपण दोघींनी आणि बॅचमधल्या चार हौशी बायकांनी सगळा काठ चिंचेच्या कोळानं माखला. रेघ थोडी निघाली, खोटं कशाला बोलू? पण टाईल्सच्या सांध्यातलं पांढरं सिमेंट चहा सांडल्यासारखं तपकिरी झालं. वर मुंग्या लागल्या. एवढ्या मुंग्या की तू सकाळपासून दुपारपर्यंत जास्वंदीचं पान घेऊन बसलीस आणि मी हसून हसून काठावर आडवी झाले. "हसतीस काय? धर पान!" तू ओरडलीस. मग मी पण पान धरलं.

त्यानंतर आला तो दगड. हलका, भोकाभोकाचा, टाचा घासायचा. तुझ्याच न्हाणीतला. तो तू एका कोपऱ्यात हळूच घासून बघितलास आणि पांढरं पीठ होऊन रेघ निघाली. त्याचा एकच नियम, टाईल ओली पाहिजे आणि दगडही ओला पाहिजे. कोरड्यावर घासलं की चरे पडतात. माझ्या घाईनं एका टाईलवर तसा चरा पडला, तर तू त्या टाईलला "मंगलची टाईल" असं नावच ठेवलंस आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला लागलीस. सांध्यासाठी जुने दात घासायचे ब्रश. कुठं फारच चिवट असेल तिथं व्हिनेगर फडक्याला लावून ते थोडा वेळ चिकटवून ठेवायचं. व्हिनेगर आंबवलेलं, म्हणून तुझ्या स्वयंपाकघरात त्याला बंदी. त्याची बाटली पंपरूममध्ये. तू ती दोन बोटांनी धरून लांबूनच माझ्याकडं सरकवायचीस.

असे आपले सोमवार गेले. टँकला सुट्टी, पाणी थोडं उतरवलेलं, दोघी काठावर पालथ्या, हात चालू आणि तोंड त्याहून जास्त चालू. सुनांची गाऱ्हाणी, तुझ्या नवऱ्याची आठवण, माझ्या नवऱ्याचं घोरणं, चिकोडीतल्या तुझ्या माहेरची भांडणं. मला तर वाटतं, ती रेघ नसती तर आपली एवढी मैत्री झालीच नसती.

पण दर सोमवारी तेच काम करून मी कंटाळले. टँकची औषधं पुरवणारा बेळगावचा माणूस म्हणाला, ऍसिडनं धुऊन देतो, तासाभरात टाईल्स नव्यासारख्या. मी लगेच तयार. तू त्याला चहा दिलास, सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "पाणी?"

"पाणी सगळं काढावं लागतंय, आक्का. रिकाम्या टँकमध्येच करावं लागतंय."

"येवढं पाणी गटारीत सोडू? ह्या उन्हाळ्यात? बेडा, बेडा. नगं."

मग तू त्याच्याकडून एका उरलेल्या टाईलवर ऍसिड टाकून घेतलंस. फेस आला, रेघ गेली, टाईलची चमकही गेली. त्यानंही प्रामाणिकपणे सांगितलं की सांधे दरवेळी थोडे खाल्ले जातात. मी चिडले होते. तू रोज पाण्यात थोडं ऍसिड घालायचीसच की, पाण्याचा पीएच खाली राहावा म्हणून! मी म्हटलं, "पाण्यात चालतंय, टाईलला चालत न्हाय? ह्यो कसला धर्म?"

"अगं, औषध चमचाभर घेत्यात. बाटलीभर न्हाय."

 मी दगड उचलला आणि घासायला लागले.

आणि मग तुझं ते फडकं. हे मी कुणालाही सांगते तेव्हा माझा आवाज आपोआप चढतो. तुझ्या घरी पिण्याचं पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय कुणाच्या ओठाला लागत नाही. पाणी दिसलं की गाळायचं, हे तुझ्या हातालाच ठाऊक. टँकमध्ये टाकायची ब्लीचिंग पावडरसुद्धा तू बादलीत कालवून, फडक्यातून गाळूनच ओतायचीस. मी हसायची. पावडर कशाला वापरायचो, तर पावसाळ्यात गावच्या विहिरीत पावडर टाकतात, हे बघत आपण दोघी वाढलो. टँक म्हणजे मोठी विहीर, एवढंच आपलं शास्त्र. औषधवाला दुसरं काही सुचवायचा, तर आपण म्हणायचो, आमच्या आजापासून हेच चालत आलंय.

एक दिवस पाहुणे आले आणि तू ते फडकं न धुताच जास्वंदीवर टाकून गेलीस. दुसऱ्या दिवशी बघतेस तर ते पुठ्ठ्यासारखं ताठ. बेळगावच्या वडगावात मागावर चढवण्याआधी सुताला खळ देतात ना, तसं कडक. तू ते भिंतीवर आपटलंस, पांढरा धुरळा उडाला. तशीच घरात गेलीस, लिंबू आणलंस, फडक्यावर पिळलंस. फसफस. मग टँकवर येऊन नखानं रेघ खरवडलीस, त्यावर पिळलंस. तशीच फसफस.

"मंगल! ये मंगल! चोर घरातलाच हाय गं!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं आपलं झालं होतं. सगळं खापर बोअरवर, आणि आपणच रोज पावडरीतून बादलीबादलीनं चुना ओतत होतो. आणि सोमवारी तोच पालथ्या पडून घासत होतो. त्या दिवशी मला तुझ्या पाया पडावंसं वाटलं होतं. पण मी कसली कबूल करते? मी म्हटलं, "चुन्याला फेस येतोयच, आक्का. म्हणून सगळा चुना एकाच भट्टीतला व्हय? बोअरचं पाणी काय गंगाजल हाय? तू पावडर बंद कर न्हायतर आणि काय कर, रेघ येणारच. तिला हातच पायजे."

"न्हाय येणार. पाणी नीट ठेवलं तर भिंत नीट ऱ्हाती."

"येणार."

"लाव पैज."

दिवाळी झाल्यावरची गोष्ट. पावडर बंद, पातळ क्लोरीन सुरू. रोज थेंब टाकून पाण्याचा रंग बघायचा, त्याप्रमाणं तुझं ते चमचाभर औषध. पावसाळ्यात वखारीच्या छपराचं साठवलेलं पाणी आधी वापरायचं, ते संपलं की मगच बोअर. रात्री पाण्यावर ताडपत्री, म्हणजे पाणी कमी उडतं. बाकीच्या भिंती आपण सोमवारी फडक्यानं नुसत्या पुसून घ्यायच्या. आणि खोल बाजूची, शिडीमागची भिंत एकदा चकचकीत घासून सोडून द्यायची. तिला दगड नाही, फडकं नाही, नजरसुद्धा नाही. निकाल अक्षय्य तृतीयेला.

माझं खरं झालं तर तू पाईप सोडून खोल बाजूला यायचं. तुझं खरं झालं तर मी महिनाभर तुझ्याकडं, सूर्य मावळायच्या आत जेवायचं. मला वाटलं, म्हातारी मला जैन करायला निघाली. मी टाळी दिली.

आणि मग निकाल लागायच्या आधीच तू झोपेत निघून गेलीस. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीत वेळ पाळणारी बाई, आणि इथं मात्र घाई केलीस. त्याचा मला राग आहे, आक्का. तो जायला वेळ लागेल.

तर आज दुपारी अभयला घेऊन मी त्या टोकाला गेले. टँक इतके दिवस बंद, त्यामुळं पाणी बरंच उतरलं होतं. भिंत वाळली होती, उन्हात तापली होती. लपायला रेघेला जागा नव्हती. मी डोळे मिटूनच शिडीपाशी बसले आणि हात खाली सोडला. बोटांना गुळगुळीत लागलं. नख लावलं, ते घसरलं. मग डोळे उघडले.

निळी टाईल, आक्का. स्वच्छ. तू एक डोळा मिटून लावून घेतली होतीस, त्या दिवशी होती तशी.

मी तिथंच बसून मोठ्यानं रडले. आता पाण्याखाली जायची गरज नव्हती.

अभयला कळेना. त्याला पैज सांगितली, भिंत सांगितली. "दिवाळीपासून हिला हात लावला न्हाय बघ. तुझ्या आईनं पण न्हाय, मी पण न्हाय." तो वाकून बघत राहिला. तुझ्यासारखाच एक डोळा मिटून. मग सरकत सरकत कोपऱ्यापर्यंत गेला आणि म्हणाला, "मावशी, इथं आहे की रेघ."

होती. बोअरचा पाईप जिथं टँकमध्ये उघडतो त्याच्या बरोबर खाली, बोटभर लांबीची, पांढरी. पाईप ठिबकतो, तिथलं पाणी भिंतीवरच वाळतं. तू असतीस तर आपण यावर अंधार पडेपर्यंत भांडलो असतो. मी म्हणाले असते, बघ, बोअरचं पाणीच चोर. तू म्हणाली असतीस, ती भिंत न्हवं, तो पाईप. पण भांडायला समोर तू नव्हतीस. मी अभयला दोन्ही बाजू सांगितल्या. तुझी बाजू सांगताना तुझाच आवाज लागला.

तो पहिल्यांदा हसला. "म्हणजे दोघीपण बरोबर."

"न्हाय. तुझी आई बरोबर. मी बोटभर बरोबर."

त्यानं पाईप हातानं हलवून बघितला. म्हणाला, याला कोपरा बसवून तोंड पाण्याखाली नेलं की झालं. मग बराच वेळ काठावर पाय सोडून बसला, आणि उठताना म्हणाला, "चालू करा, मावशी. बाग नको. पण ते थेंब टाकून रंग बघायचं मलाही दाखवून ठेवा, मी आलो की बघत जाईन." मी त्याला म्हटलं, "पाईप वाकव, पण ती रेघ पुसू नको." ती तेवढी मी ठेवणार आहे. सोमवारी बाकीच्या भिंती पुसेन, तिला हात लावणार नाही.

ऊन कलायला लागलं तसं त्यानं विचारलं, पैज कशावर लागली होती. मी सांगितलं. 

"आई फोनवर रोज एकच सांगायची," तो म्हणाला. "'मंगल आलती, लई हसलो. जेवायला मातर थांबत न्हाय ती. तिचं घर आसतंय.' बाबा गेल्यापासून आई संध्याकाळची एकटीच जेवायची, मावशी."

लबाड. किती लबाड असावं माणसानं! इतके सोमवार माझ्या शेजारी पालथी पडून जगाच्या गोष्टी सांगितल्यास. थांब, जेवून जा, एवढं साधं तुझ्या तोंडून निघालं नाही. मला घर आहे, पोरं आहेत, भाजी टाकायची आहे, म्हणून तू ते कधी मागितलं नाहीस. त्यासाठी पैज लावलीस. आणि पैज जिंकायची म्हणून टँकभर पाणी सुधारलंस.

अभयच्या पिशवीत तुमच्या जैनांच्या आजच्या सणाचा उसाचा रस होता. भाकरी मी तुझ्या घरात, तुझ्या तव्यावर टाकल्या. तो म्हणाला, बेंगळुरूला रात्री दहाच्या आत जेवण होत नाही, सवयच गेली. मी म्हटलं, बस. घरी फोन केला, तुमचं तुम्ही वाढून घ्या. खिडकीतून वखारीच्या पत्र्यावरचं ऊन दिसत होतं, अजून उतरलं नव्हतं. तीन ताटं मांडली गेली माझ्या हातून. एक परत उचलावंसं वाटलं नाही, तसंच राहू दिलं.

आक्का, मी वेळेत बसले बघ. भाकरी गरम आहे.